कॅज्युअल्टीतल्या कपाटासाठी कोणती पुस्तकं घ्यावीत? (३० हजार रुपये हातात आहेत)

घाटमाथा (धागाकर्ती) · रात्री ११:५२

नमस्कार मंडळी.

नाशिक–मुंबई महामार्गालगत ३० खाटांच्या एका रुग्णालयात मी कॅज्युअल्टी बघते. घाटातले अपघात, रात्रीचे सर्पदंश, फवारणीचं औषध पोटात गेलेले, छाती धरून आलेले, सगळे आधी आमच्याच दारात उतरतात. झेपेल ते आम्ही करतो. बाकीच्यांना जरा सावरून नाशिकला पाठवतो.

गेल्या पावसाळ्यात निफाडकडच्या एका बागायतदारांच्या वडिलांचा घाटात अपघात झाला होता. ते आमच्याकडे आले आणि बरे होऊन घरी गेले. परवा मुलगा पेढे आणि ३० हजार रुपये घेऊन आला. म्हणाला, "मशीन तर तुम्ही घ्यालच कधीतरी. यातून इथल्या पोरापोरींना वाचायला पुस्तकं घ्या. त्या रात्री तुमच्या ज्युनिअर डॉक्टरनं कपाटावरचं फाटकं पुस्तक काढून डोस बघितला होता, ते मी पाहिलंय."

ते फाटकं पुस्तक म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची टिंटिनाली, इमर्जन्सी मेडिसिनचा जाड ग्रंथ. पुठ्ठा गेलाय, विषबाधेची पानं सुटी झालीत. शेजारी मरिनोच्या आयसीयू बुकची दुसरी आवृत्ती आहे. बस, एवढाच आमचा ग्रंथसंग्रह.

हे पैसे मला नीट खर्च करायचे आहेत. जाड ग्रंथ घ्यावेत की खिशातली छोटी पुस्तकं? सिस्टर लोकांना उपयोगी पडेल असं काय आहे? आपल्याकडचे साप, आपल्याकडची विषं कशात नीट दिलीत? जे स्वतः रात्री तीन वाजता पुस्तक उघडतात त्यांनी कृपया लिहा.

रात्रपाळी · रात्री ११:५८

टिंटिनाली नवी आवृत्ती, मरिनो नवी आवृत्ती. विषय संपला.

पंचवटीकर · रात्री १२:१४

संपला कसा? इमर्जन्सीचाच दुसरा मोठा ग्रंथ, रोझेन, कुठे गेलं? मी एमडीला असताना टिंटिनाली परीक्षेसाठी वाचलं, रोझेन समजण्यासाठी. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटकडे कसं बघायचं, कोणती चार कारणं आधी डोक्यातून काढून टाकायची, हे रोझेनमध्ये जितकं सविस्तर आहे तितकं मला दुसरीकडे सापडलं नाही.

जुना_भूलतज्ज्ञ · सकाळी ६:४०

सकाळचा चहा घेत लिहितोय, जरा लांबेल.

टिंटिनाली १९७८ पासून आहे, रोझेन १९८३ पासून. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मेडिकल कौन्सिलची मान्यता मिळाली २००९ मध्ये. म्हणजे आमच्या पिढीला कॅज्युअल्टी कुणी शिकवलीच नाही. ज्याला दुसरीकडे जागा नव्हती त्याला तिथे बसवत. आम्ही शिकलो ते हॅरिसन (मेडिसिनचं पुस्तक), सर्जरीचं पुस्तक आणि सीनिअर सिस्टर यांच्याकडून. त्यामुळे एका खाटेपाशी उभं राहून लागणारं सगळं एका पुस्तकात मिळतं हेच मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. डॉक्टर, तुम्हाला तीन वेगळ्या कामांची पुस्तकं लागतील. एक, पेशंट समोर असताना दोन मिनिटांत उघडायचं. दुसरं, पेशंट गेल्यावर किंवा वाचल्यावर शांतपणे वाचायचं. तिसरं, हाताचं काम शिकायचं, म्हणजे छातीत नळी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), निखळलेला खांदा बसवणं. तिसऱ्यासाठी रॉबर्ट्स अँड हेजेस घ्या. त्यातली चित्रं पाहून मी चाळिशीत असताना माझी एक जुनी चुकीची सवय सोडली. छातीत नळी घालताना बरगडीच्या वरच्या कडेला धरून जायचं असतं, कारण नस आणि शिर खालच्या कडेला असते. हे माहीत होतंच, पण हाताचा कोन कसा ठेवायचा ते चित्र पाहिल्यावर कळलं.

आयसीयूसाठी मरिनो वाचायला सुंदर आहे. एका माणसाचा आवाज त्यात ऐकू येतो. १९९१ ची पहिली आवृत्ती मी रात्रीत संपवल्यासारखी वाचली होती. पण उत्तर शोधायला ओज मॅन्युअल बरं. अर्विन अँड रिप्पे तुमच्या ३० खाटांना जड होईल, पैशानं आणि वजनानंही.

इंटर्न_०७ · सकाळी ८:०५

सर, आदर ठेवून विचारतो, आता पुस्तक लागतं का? फोनवर सगळं आहे. लाइफ इन द फास्ट लेन, ईएमक्रिट, डिरेंज्ड फिजिऑलॉजी या वेबसाइट आहेत. फुकट, आणि रोज सुधारलेलं. ३० हजारांत चांगला टॅब येईल.

सिस्टर_अक्का · सकाळी ९:२०

बाळा, टॅब येईल आणि आठवड्यात त्याचा चार्जर गायब होईल. एकवीस वर्षं आयसीयूत आहे, सांगते ते ऐक.

आणि दुसरं. डॉक्टर फोनमध्ये बघत उभा असला की नातेवाइकांना वाटतं हा व्हॉट्सॲप बघतोय. आमच्याकडे यावरून एकदा काचा फुटल्यात. मुलगा बिचारा पोटॅशियमचा डोस तपासत होता.

पंचवटीकर · सकाळी ९:३१

अक्का, पण पुस्तक उघडलं तरी नातेवाईक म्हणतात "यांना येत नाही, बघून करतायत".

जुना_भूलतज्ज्ञ · सकाळी ९:५०

मी मोठ्यानं बोलतो. "डोस तपासून देतो, दोन मिनिटं." हे ऐकल्यावर आजवर कुणी रागावलं नाही. लपून बघितलं की संशय येतो.

सिन्नरकर · सकाळी १०:१२

मी डॉक्टर नाही, वाचक म्हणून लिहितो. माझ्या आईला दमा उठला होता तेव्हा तिथल्या मॅडमनी पुस्तक उघडून माझ्यासमोर ओळीवर बोट ठेवलं, सिस्टरला आकडा वाचून दाखवला आणि सिस्टरनी तो परत म्हणून दाखवला. मला त्या क्षणी इतका धीर आला! दोन माणसं एकच आकडा बोलतायत म्हणजे चूक होणार नाही, एवढं मला कळत होतं. धागाकर्तीला पैसे देणाऱ्या दादांनाही तेच दिसलं असणार.

मण्यार · दुपारी १:३५

सर्पदंशाबद्दल विचारलंय म्हणून धावत आलो. पेठ–सुरगाणा भागात आठ वर्षं काढली आहेत.

टिंटिनाली असो की रोझेन, सापाचं प्रकरण उघडलं की रॅटलस्नेक आणि कोरल स्नेक यांचीच पानं जास्त. आपल्याला हवेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दक्षिण-पूर्व आशियासाठीची सर्पदंश मार्गदर्शिका उतरवून घ्या, २०१६ ची. फुकट आहे, कायदेशीर आहे. प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करा. आपल्या चारही सापांवर, आपल्याच एएसव्हीवर (सापाच्या विषावरची लस), आपल्यासारख्याच रुग्णालयांसाठी लिहिलेली आहे.

त्यातली एक गोष्ट जवळून सांगतो. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतलं २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, हलवायचं नाही, वीस मिनिटांनी ट्यूब एकदा तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष रक्तात भिनलंय, घोणस किंवा फुरसं धरून चाला. आमच्याकडे एकदा एका रात्रीत तिघांचं रक्त गोठेना. तिघांनाही सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही. सकाळी कळलं की नव्या मावशींनी सगळ्या ट्यूब कपड्याच्या साबणानं घासून ठेवल्या होत्या. साबणाचा अंश राहिला की काचेवर रक्त गोठत नाही. प्लास्टिकच्या ट्यूबमध्येही तीच फसगत. आम्ही तिघांपैकी दोघांना एएसव्ही लावून बसलो होतो. ही ओळ मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेली आहे, आम्ही वाचली नव्हती. त्या दिवसापासून ट्यूबचा डबा वेगळा, त्यावर लाल चिकटपट्टी.

आणि मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतं, चावल्याची खूण दिसत नाही, सूज नाही. आई म्हणते रात्री काहीतरी खाल्लंय. तासाभरात पापण्या उतरतात. अशा मुलाला पोटाचं औषध देऊन घरी पाठवू नका एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे. मण्यारच्या विषानं एकदा श्वासाचे स्नायू गेले की एएसव्हीनं ते लगेच परत येत नाहीत. मूल वाचतं ते नळी टाकून श्वास देत राहिल्यानं. पेठहून नाशिकपर्यंत ॲम्ब्यू (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत मी एका सात वर्षांच्या पोरीला आणलं आहे. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले.

१०८_वरचा · दुपारी २:१०

मण्यार डॉक्टर, तुमच्यासारखे फोन करून "निघालोय" सांगणारे डॉक्टर भेटले की आमचं अर्धं काम होतं.

मी बीएएमएस, रुग्णवाहिकेवर. २०१४ मध्ये १०८ सुरू झाली तेव्हापासून या कामात. आमच्यासाठी नॅन्सी कॅरोलाइन यांचं पॅरामेडिकचं पुस्तक आहे, इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स. त्या पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस नावाच्या रुग्णवाहिका सेवेत शिकवत होत्या. तिथली मुलं काळ्या वस्तीतली, नोकरी नसलेली, आणि अमेरिकेतल्या पहिल्या शिकलेल्या पॅरामेडिकांत त्यांचा नंबर. रस्त्यावर, जिन्यात, अंधारात पेशंट कसा तपासायचा हे त्या पुस्तकात आहे. हॉस्पिटलच्या पुस्तकात पेशंट कायम खाटेवर असतो.

डॉक्टर, तुम्ही पेशंट नाशिकला पाठवता म्हणून एक आकडा कपाटाच्या दारावर लिहून ठेवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर चालवला तर अडीच तास, तोही सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर. घाटात गाडी अडकली की हाच हिशोब डोक्यात चालू असतो.

द्राक्षबाग · संध्याकाळी ७:२२

दिंडोरीत दवाखाना आहे. फवारणीच्या विषावर लिहितो, कारण त्यात पुस्तकाचा आणि वॉर्डातल्या ऐकीव ज्ञानाचा सरळ सामना होतो.

ऑर्गनोफॉस्फरस, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकांतला एक गट, पोटात गेलं की त्यावर औषध ॲट्रोपिन. वॉर्डात सगळे डोळ्याच्या बाहुल्या बघत बसतात. बाहुली मोठी झाली, नाडी १२० झाली, "ॲट्रोपिनाइज झाला", म्हणजे औषध पुरेसं पोचलं, थांबवा. आणि छाती तशीच खरखरत असते. माणूस जातो तो फुप्फुसात पाणी साचून आणि श्वास थांबून, म्हणून आधी छाती ऐकायची. ती कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या. सुरुवातीला २–३ मिलिग्रॅम, पाच मिनिटांनी बघायचं, फरक नसेल तर दुप्पट. परत पाच मिनिटं, परत दुप्पट. असं लिहिलेलं कुणी वाचलेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटांत माणूस कोरडा होतो. ऐकीव पद्धतीनं दर अर्ध्या तासाला दोन-दोन अँप्युल देत राहिलं तर रात्र जाते आणि पेशंटही.

पुस्तक म्हणाल तर गोल्डफ्रँक हा विषबाधेचा महाग्रंथ. पण तुमच्या कपाटाला व्ही. व्ही. पिल्ले यांचं घ्या. केरळचे आहेत, आपल्या देशातलीच विषं आहेत त्यात, धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणजे सेल्फॉस आहे, कण्हेर आहे, धोतरा आहे. भारतीय किमतीत मिळतं.

पॅराक्वॉट हे तणनाशक प्यायलेला आला तर एक लक्षात असू द्या. हात आपोआप ऑक्सिजनच्या मास्ककडे जातो. खरंच ऑक्सिजन कमी पडत नसेल तर लावू नका, त्यानं फुप्फुसाची हानी वाढते. मी हे पुस्तकात वाचलं नसतं तर मला कधीच सुचलं नसतं.

महाडचा_भाचा · संध्याकाळी ७:४०

विषाचा विषय निघालाय तर विंचू कसा विसरता? डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला बसून विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ ला पद्मश्री. परदेशी ग्रंथांत आपल्या लाल विंचवावर जे काही आहे त्याच्या मुळाशी कोकणातला एक दवाखाना आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

मण्यार · संध्याकाळी ७:४४

शंभर टक्के. आणि म्हणूनच म्हणतो, आपणही आपल्या केसेस लिहून ठेवल्या पाहिजेत.

रात्रपाळी · रात्री १०:०५

काल एका ओळीत उडवलं, माफ करा. आज नीट लिहितो.

नवी आवृत्ती का, यावर. आमच्याकडे एक सीनिअर डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला स्टेरॉइड देत. जुन्या पुस्तकात होतं. २००४ मध्ये क्रॅश नावाचा दहा हजारांवर पेशंटांचा अभ्यास आला आणि कळलं की स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त होतात. त्याच मंडळींनी २०१० मध्ये क्रॅश-२ केला. रक्तस्राव होत असलेल्या अपघातग्रस्ताला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. तेही मार लागल्यापासून तीन तासांच्या आत. उशीर झाला तर फायदा नाही, उलट नुकसान होऊ शकतं. घाटमाथा ताई, तुमच्या जागी हे औषध नाशिकला पोचल्यावर देऊन चालणार नाही, तुम्हीच द्यायचं. तुमच्या जुन्या टिंटिनालीत हे असणं शक्यच नाही.

आयसीयूत तर विचारूच नका. २००१ मध्ये बेल्जियमहून अभ्यास आला की रक्तातली साखर ८० ते ११० मध्ये घट्ट ठेवा. सगळ्यांनी ठेवली. २००९ ला नाइस-शुगर नावाचा अभ्यास आला, तेव्हा घट्ट ठेवलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. आता १८० च्या खाली राहिली की पुरे. सेप्सिसचंही (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं) तसंच. २००१ च्या अभ्यासावरून प्रत्येकाला सेंट्रल लाइन टाकून ठरावीक आकडे गाठत होतो, २०१४–१५ मध्ये तीन मोठ्या अभ्यासांत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. मरिनोच्या दुसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही वाद अजून जन्मलेलेच नाहीत.

जुना_भूलतज्ज्ञ · रात्री १०:३०

हे सगळं खरं. पण जुनं पुस्तक फेकू नका डॉक्टर. शॉकमध्ये हृदय काय करतं, ऑक्सिजन पेशीपर्यंत कसा जातो, हे बदललेलं नाही. जुन्या मरिनोच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : "समजण्यासाठी वाचा, डोससाठी नाही."

इंटर्न_०७ · रात्री १०:४१

रात्रपाळी सर, तुम्ही सांगितलेलं सगळं मी फोनवरच वाचलं होतं. म्हणजे माझा मुद्दाही अगदी चुकीचा नाही ना?

रात्रपाळी · रात्री १०:४६

अजिबात चुकीचा नाही. ताज्या गोष्टीसाठी फोनच. पण पाया पुस्तकातून घाल. तुकडे तुकडे वाचलं की प्रत्येक तुकडा खरा वाटतो आणि कोणता कुठे बसतो ते कळत नाही. मलाही दोन वर्षं लागली कळायला.

कॉलेजरोड · रात्री ११:१५

टेलिग्रामवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, लिंक देऊ का? ३० हजार वाचतील.

घाटमाथा (धागाकर्ती) · रात्री ११:२०

नको, कृपया देऊ नका. ज्यांनी पैसे दिले त्यांना मी चोरलेली प्रत दाखवू शकणार नाही.

सिस्टर_अक्का · सकाळी ७:०५

रात्रपाळी संपवून लिहिते. सगळ्यांनी डॉक्टरांची पुस्तकं सांगितली, सिस्टरांचं कुणी बोललं नाही म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांनी मिळून काढलेलं बेसिक इमर्जन्सी केअर, २०१८ चं. फुकट. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, अंग उघडून बघणं, याच क्रमानं सगळं. इंग्रजी सोपं आहे, चित्रं आहेत, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मुलींना झेपतं. प्रत्येकीला एक प्रत द्या.

पण खरं सांगू का, आमच्या कामाची अर्धी पानं कुठल्याच पुस्तकात आपल्या सोयीची नसतात. आमच्या पंपाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. नॉरॲड, म्हणजे बीपी वर आणणारं औषध, ५० मिलीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ०.१ नं (किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम) चालवायचं तर ताशी साडेचार मिली. खाली ४०, ५०, ७०, ८० किलोंचे रकाने. पुस्तकात सूत्र असतं. पहाटे चार वाजता बीपी ६० वर असताना सूत्र कोण सोडवणार? एका मुलीनं मागे घाईत शून्य चुकवलं, पेशंटचं बीपी २४० वर गेलं. सुदैवानं निभावलं. दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्या सरांनी बसून तो तक्ता केला, दोघांनी वेगवेगळा हिशोब करून ताडून पाहिला, खाली सह्या केल्या.

दुसरा कागद व्हेंटिलेटरवर. बाईची उंची १५० सेंटीमीटर असेल तर वजन काट्यावर ७५ भरलं तरी फुप्फुसं ४३ किलोचीच धरायची. किलोमागे ६ मिली धरून गुणलं की एका श्वासाला साधारण २६० मिली. आधी सगळे सरसकट ५०० लावायचे. म्हणून आमच्या प्रत्येक खाटेच्या कडेला शिंप्याची मोजपट्टी शिवलेली आहे. पेशंट झोपलेला असतानाच टाळूपासून टाचेपर्यंत मोजायचं.

पंचवटीकर · सकाळी ७:३०

शिंप्याची मोजपट्टी! अक्का, हे आजच आमच्याकडे करतो.

जुना_भूलतज्ज्ञ · सकाळी ७:५२

अक्कांनी फार मोलाचं लिहिलं. लहान मुलांच्या बाबतीत एक जोड देतो. उंचीवरून वजन दाखवणारी ब्रॉसलो टेप मिळते, पण ती अमेरिकन मुलांवर बेतलेली आहे. आपल्या बारीक मुलांत वजन जास्त दाखवते आणि डोस जास्त जातो. शक्य तिथे काट्यावर ठेवा, किंवा आईला मागचं वजन विचारा, अंगणवाडीच्या कार्डावर असतं. मुलांच्या डोससाठी हॅरिएट लेन हँडबुक खिशात मावतं.

गोदाकाठ · सकाळी ११:१०

थोडं विषयांतर करतो, पण नाशिककरांनी करायलाच हवं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. मी तेव्हा इंटर्न होतो. एकाच वेळी माणसं येत होती आणि आम्ही जो पुढे दिसेल त्याच्यापाशी बसत होतो. जो ओरडत होता त्याच्याकडे आधी गेलो. गप्प पडलेला मागे राहिला. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

एकदम खूप जखमी आले की कुणाकडे आधी जायचं ते ठरवायची स्टार्ट नावाची पद्धत तेव्हाही अस्तित्वात होती, १९८३ पासून. चालता येतंय त्याला हिरवी पट्टी आणि बाजूला बसवा. उरलेल्यांत श्वास, नाडी, सांगितलेलं ऐकतो का, एवढंच बघा. श्वास नसेल तर मान नीट करून श्वासमार्ग मोकळा करा, तरी नाही तर काळी, सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा मनगटावर नाडी नाही, किंवा सांगितलेलं कळत नाही, तर लाल. बाकीचे पिवळे. एकाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त द्यायचा नाही. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. ताई, महामार्गावर बस उलटली तर तुमच्याकडेही हेच लागणार आहे. चार रंगांच्या पट्ट्या आणि हा एक कागद कपाटात नक्की ठेवा.

सिन्नरकर · सकाळी ११:४५

गोदाकाठ, वाचून गलबललो. मंडळी, आम्हा सामान्य लोकांसाठी एक सांगा. अपघातग्रस्ताला आणलं तर पोलिसांचा ससेमिरा लागतो का? गावात अजून हीच भीती आहे.

१०८_वरचा · दुपारी १२:०२

नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. नाव सांगायचीही सक्ती नाही. आणा, आमच्या किंवा डॉक्टरांच्या ताब्यात द्या, घरी जा. गावात सगळ्यांना सांगा.

रात्रपाळी · दुपारी १२:२०

ताई, यादी ठरली की इथे टाका. आणि कपाटाला कुलूप लावू नका! आमच्याकडे आधी होतं. किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये, आणि अधीक्षक दहा ते पाच.

घाटमाथा (धागाकर्ती) · बावीस दिवसांनी, रात्री १:१५

उशीर झाला, पण आता लिहिण्यासारखं झालंय.

घेतलेली पुस्तकं : टिंटिनालीची नवी आवृत्ती, रॉबर्ट्स अँड हेजेस, मरिनो नवं, पिल्ले, हॅरिएट लेन दोन प्रती, आणि ईसीजीचं हॅम्प्टन यांचं छोटं पुस्तक, ते माझ्या इंटर्नांनी मागितलं. रोझेन बजेटच्या बाहेर गेलं. पंचवटीकर, पुढच्या वेळी. सर्पदंश मार्गदर्शिका आणि बेसिक इमर्जन्सी केअर यांच्या प्रिंट काढून बाइंडिंग केलं. १०८_वरचा, नॅन्सी कॅरोलाइन यांचं पुस्तक आमच्या चालकदादांनी वर्गणी काढून स्वतः मागवलंय.

कपाटाला दारच ठेवलं नाही. क्रॅश ट्रॉलीच्या (तातडीच्या औषधांची गाडी) वर भिंतीत फळी ठोकली, हात वर केला की पुस्तक हातात येतं. टिंटिनालीतली विषबाधा, शॉक, मुलं ही प्रकरणं चिकटपट्टीनं रंगवली, लाल, निळी, पिवळी. ट्यूबचा डबा वेगळा केला. मोजपट्ट्या शिवून झाल्या, मावशींनी शिवल्या. नॉरॲडचा तक्ता मी आणि सिस्टरनी वेगवेगळा मांडला आणि ७० किलोच्या रकान्यात आमचा फरक निघाला, चूक माझी होती. अक्का, तुमच्या दोन सह्यांच्या पद्धतीनं ती कागदावरच सापडली.

शेवटी दोनशे पानी एक रजिस्टर आणलं. मण्यार म्हणाले होते आपल्या केसेस लिहा, म्हणून. फळीच्या टोकाला दोरीनं बांधलंय, पेनासकट. मराठीत लिहायचं, मामा-मावशींनी वाचलं तरी कळेल असं.

पहिली नोंद आमच्या रात्रीच्या सिस्टरनी केली आहे. तशीच उतरवते :

"मुलगा, वय ९. पहाटे ४:२०. पोटात दुखते म्हणून आणला. जमिनीवर झोपला होता. खूण नाही. मी डोळे वर करायला सांगितले, पापणी अर्धीच उठली. डॉक्टरांना उठवले. एएसव्ही १० व्हायल. ५:०५ ला नळी टाकली. नाशिकला पाठवला, सोबत मी, ॲम्ब्यू. सिलिंडर भरलेला पाहून घेतला."

त्याखाली वेगळ्या शाईत, पाच दिवसांनंतरची तारीख घालून :

"नाशिकहून फोन आला. नळी काढली. पाणी मागतो आहे."